१.डी४ ला लगेच ...ई५ : एंगलुंड गॅम्बिटसमोर पांढऱ्यानं काय करायचं?

पहिली_खेळी:
मंडळी, प्रश्न थेट विचारतो. पांढऱ्यानं १.डी४ खेळणाऱ्यांसाठी आहे. कोल्हापुरातल्या १०+५ च्या (दहा मिनिटं, शिवाय प्रत्येक खेळीला पाच सेकंद) रॅपिडला आणि ऑनलाइन ब्लिट्झमध्ये काळ्याकडून १...ई५ वारंवार येतंय, म्हणजे एंगलुंड गॅम्बिट (मोबदल्याच्या आशेनं प्यादं देणारी सुरुवात). प्यादं फुकट देतात आणि पुढच्या सात-आठ खेळ्या धडाधड टाकतात. लंडन पद्धतीची सवय असणाऱ्याचा हात डी४, घोडा एफ३, उंट एफ४ असा आपोआप चालतो, आणि तिथंच घोळ होतो.

मला दोन गोष्टी हव्यात. एक, सापळा नेमका कुठं आहे आणि का चालतो. दोन, पाठांतर कमी आणि भरवसा जास्त अशी एक वाट.

लिखाणाची पद्धत ठरवून घेऊ म्हणजे सगळ्यांना वाचता येईल: घो घोडा, उं उंट, ह हत्ती, व वजीर, रा राजा. प्याद्याला अक्षर नाही. मारलं तर ×, शह असेल तर +. आकड्यानंतर ... असेल तर काळ्याची खेळी. ! म्हणजे चांगली खेळी, ? चूक, ?? घोडचूक. दोन घोड्यांपैकी कुठला ते सांगायला घोबी, घोजी असं, म्हणजे बी किंवा जी स्तंभावरचा घोडा. ०-०-० म्हणजे वजिराच्या बाजूचा लांब किल्लेकोट (कॅसलिंग).

तिरका_उंट:
पट मांडूनच वाचा, नुसतं डोळ्यानं वाचून उपयोग नाही.

१.डी४ ई५ २.डी×ई५ घो-सी६ ३.घो-एफ३ व-ई७. इथं ई५च्या प्याद्यावर घोडा आणि वजीर असे दोघं चालून आलेत. पांढरा साहजिक ४.उं-एफ४ नं प्यादं राखतो. मग ४...व-बी४+. हा शह म्हणजे सगळ्या सापळ्याचा कणा आहे. वजीर एकाच वेळी राजावर, बी२च्या प्याद्यावर आणि चौथ्या पट्टीवरून थेट एफ४च्या उंटावर बसतो. म्हणून ५.घो-सी३ किंवा ५.घोबी-डी२ नं शह झाकला तर ...व×एफ४, उंट गेला. उंटच परत घ्यायला लागतो: ५.उं-डी२ व×बी२.

आता चुकीची खेळी. ६.उं-सी३?? हाताला ही खेळी फार गोड वाटते, कारण वजिरावर हल्ला होतो आणि ए१चा हत्तीही झाकला गेल्यासारखा दिसतो. पण ६...उं-बी४! आला की उंट राजासमोर खिळला.
७.उं×बी४ केलं तर ७...घो×बी४, आता ए१चा हत्ती पण जातोय आणि सी२वर घोड्याचा शह पण आहे.
७.व-डी२ केलं तर ७...उं×सी३ आणि ८.व×सी३ व-सी१ मात. सी१च्या वजिराला मारायला कोणी नाही, डी१ला मध्ये घालायला कोणी नाही, डी२ त्याच्याच माऱ्यात. पांढऱ्याच्या ई२, एफ२ प्याद्यांनी आणि एफ१च्या उंटानं स्वतःच्याच राजाची कोंडी केलेली. ८.घो×सी३ घेतलं तर मात टळते, पण ...व×ए१+ नं हत्ती जातो.

आठ खेळ्यांत डाव खलास. काळा एवढंच पाठ करून आलेला असतो.

अडीच_घरं:
तिरका_उंट दादांनी लिहिलंय त्यात एक भर. सापळा का चालतो हे कळलं तर पाठ करायची गरजच कमी होते. एफ४ला गेलेला उंट आपल्या मागं बी२ उघडं टाकून जातो. सी१ला असेपर्यंत तोच बी२ राखत होता. म्हणजे काळा ज्या प्याद्यासाठी येतोय ते तुम्हीच मोकळं करून देता. लंडन खेळणाऱ्यांना हा प्रश्न इतर ठिकाणीही येतो, ...व-बी६ आल्यावर. इथं फक्त तो शहासकट येतो म्हणून जास्त बोचतो.

शाहूपुरी_६४:
मग प्यादं घ्यायचंच कशाला? २.ई३ खेळून शांत राहिलं तर?

तिरका_उंट:
चालतं, पण काळ्याला हवं ते मिळतं. २.ई३ ई×डी४ ३.ई×डी४ डी५ म्हणजे हुबेहूब फ्रेंच बचावातल्या एक्सचेंज प्रकाराची स्थिती. काळ्याला काही त्रास नाही, बरोबरी. ज्यानं पहिल्याच खेळीला मधलं प्यादं सोडलं त्याला दंड न करता सोडून द्यायचं. २.डी५ नं तर मधली तणातणीच संपते, काळा आरामात सोंगट्या बाहेर काढतो. घ्या की प्यादं. २.डी×ई५ हेच बरोबर उत्तर आहे, आणि नीट खेळलं तर काळ्याकडं त्या प्याद्याचा मोबदला नाही.

तालमीत नवखा पोरगा एकच डाव शिकून येतो आणि प्रत्येकाला तोच टाकायला बघतो. त्याचा हात कुठं पडणार हे ठाऊक असलं की तो डाव निघतच नाही, आणि मग त्याच्याकडं दुसरं काही नसतं. एंगलुंडचं तसंच आहे. हात पडणार बी४ला. तेवढं लक्षात ठेवा.

पहिली_खेळी:
बरं. समजा ४.उं-एफ४ व-बी४+ ५.उं-डी२ व×बी२ इथवर आलोच. मग काय?

तिरका_उंट:
६.घो-सी३! ही एकच खेळी पक्की करा. दोन कामं होतात. बी१ रिकामं झाल्यामुळं डी१चा वजीर ए१च्या हत्तीला आडव्या ओळीत राखतो. आणि पुढं ह-बी१ नं वजिराला हाकलता येतं.

मुख्य वाट: ६...उं-बी४ ७.ह-बी१ व-ए३ ८.घो-डी५! आता सी७वर घोड्याचा शह आणि बी४च्या उंटावर तिघांचा मारा. ८...उं×डी२+ ९.व×डी२ व×ए२ १०.ह-डी१. काळा सी७ राखायला १०...रा-डी८ खेळतो, म्हणजे किल्लेकोट कायमचा गेला. ११.घो-जी५! हल्ला एफ७वर, तिथून राजा आणि एच८चा हत्ती दोन्ही घोड्याच्या टप्प्यात. ११...घो-एच६ आणि १२.ई६!

इथं पटाकडं दोन मिनिटं बघत बसा. डी१ला हत्ती, डी२ला वजीर, डी५ला घोडा, आणि त्याच स्तंभावर डी८ला काळा राजा. मध्ये फक्त डी७चं प्यादं.
१२...डी×ई६ घेतलं की स्तंभ उघडला, डी५चा घोडा कुठंही हलला तरी मागून वजिराचा शह.
१२...एफ×ई६ घेतलं तर १३.घो×ई६+ आणि डी७नं परत घेतलं की पुन्हा तोच स्तंभ उघडा.
१२...डी६ केलं तर १३.ई×एफ७ ह-एफ८ १४.घो×सी७! रा×सी७ १५.व×डी६+, राजाला शह आणि एफ८च्या हत्तीवरही डोळा.

एवढ्यावर काळ्याचा डाव उसवतो. या वेळेला पांढरा एक प्यादं मागं आहे, पण काळ्याच्या ए८, सी८ आणि एच८ला सगळे झोपलेले आहेत. हिशेब तिथं बघायचा, प्याद्यांत नाही.

प्यादं_ते_वजीर:
तिरका_उंट, वाट एकदम बरोबर आहे, तरी माझं मत वेगळं. शाळकरी मुलांना हे शिकवायला गेलं की सहावी खेळी लक्षात राहते आणि आठवी विसरते. ८.घो-डी५ ऐवजी भलतंच खेळलं की पांढऱ्याच्या हातात काहीच उरत नाही, बी२चं प्यादं मात्र गेलेलं असतं. ८.ह-बी३ व-ए५ ९.ई४ असं साधं खेळलं तर सोंगट्यांचा हिशेब बरोबरीचा आणि विकासात पांढरा बराच पुढं, एवढं ठीक आहे. पण मुळात बी२ देऊच नये असं मी म्हणेन.

माझी शिफारस ४.घो-सी३. ३...व-ई७ आल्यावर ई५ राखायचंच नाही, परत देऊन टाकायचं. सी१चा उंट घरातच, म्हणून बी२ राखलेलं, म्हणून व-बी४ला काही अर्थ नाही. ४...घो×ई५ ५.ई४. आता घो-डी५ची धमकी आहे, वजिरावर आणि सी७वर एकदम.

काळ्याच्या तीन खेळ्या येतात:

५...घो×एफ३+ ६.व×एफ३. मग ६...सी६ ७.उं-एफ४ आणि लांब किल्लेकोट. ७...डी६ केलं तर ८.०-०-० नंतर डी६वर उंट आणि हत्ती दोघं, राखायला एकटा वजीर. एफ८चा उंट वजिराच्याच मागं अडकलेला. काळ्याला हेच कळत नाही की ई७चा वजीर त्याच्याच उंटाचं दार अडवून बसलाय.
त्याऐवजी ६...घो-एफ६ आलं तर ७.उं-जी५, परत घो-डी५ची धमकी. ७...सी६ ला ८.०-०-०. इथं ७.ई५ मात्र खेळू नका, ...व×ई५+ नं ते प्यादं शहासकट जातं. घाईत हीच चूक होते.

५...सी६ ६.घो×ई५ व×ई५ ७.एफ४! वजिराला हाकलत जागा मिळते. ७...व-ई७ ला ८.उं-ई३, म्हणजे वजिराला सी५ मिळत नाही. ८...घो-एफ६ ला ९.उं-डी३ नं ई४ राखा, मग वजीर डी२ला आणि लांब किल्लेकोट. ९.व-डी२ आधी केलं तर ...घो×ई४ नं प्यादं जातं, क्रम सांभाळा.

५...व-बी४?? सवयीनं येतंच. ६.घो×ई५ नं घोडा फुकट, कारण तो राखणारा वजीरच निघून गेला. ६...व×बी२ ला ७.उं×बी२, ६...व×ई४+ ला ७.घो×ई४. मुलांना ही स्थिती पटावर लावून दिली की उंट घरात ठेवण्याचं कारण वेगळं समजवावं लागत नाही.

तिरका_उंट:
मान्य. फरक एवढाच की ४.घो-सी३ मध्ये पांढऱ्याला आघाडी मिळते आणि ४.उं-एफ४ मध्ये शिक्षा करता येते. रॅपिडला वेळ असेल आणि बारा खेळ्या पक्क्या असतील तर मी उं-एफ४ च म्हणेन. ३+२ च्या ब्लिट्झमध्ये घो-सी३.

घोडेस्वार:
४.व-डी५ बद्दल कोणी बोललंच नाही. मध्यभागी वजीर, ई५ राखलेलं, एफ७वर नजर.

अडीच_घरं:
ते मला आवडत नाही, आणि कारण आहे. या गॅम्बिटला ज्यांचं नाव आहे त्या फ्रिट्झ एंगलुंड यांनी १९३२ साली स्टॉकहोममध्ये एक स्पर्धाच भरवली होती, जिथं सगळे डाव ४.व-डी५ नंतरच्या स्थितीपासून सुरू व्हायचे. गोस्टा स्टोल्झ जिंकले. म्हणजे काळ्याला लढायला जागा आहे असं ज्या स्थितीत वाटलं ती हीच. ४...एफ६! ५.ई×एफ६ घो×एफ६ आणि वजिरावर हल्ला करत काळ्याचा घोडा बाहेर. पुढं ...डी५, उंट मोकळे. पांढऱ्याला प्यादं आहे खरं, पण काळ्याला हवा तसाच डाव. समोरच्याची सगळ्यात जास्त तयारी असते त्याच घरात कशाला जायचं?

घोडेस्वार:
पटलं. वजीर लवकर बाहेर काढून घोड्याला टेंपो (फुकटची एक खेळी) द्यायचा नाही, हे दुसऱ्याला सांगतो आणि स्वतः विसरायला होतं.

शाहूपुरी_६४:
दुसऱ्या खेळीला घो-सी६ ऐवजी काळा भलतंच खेळला तर? २...डी६ आणि २...एफ६ दोन्ही दिसतात.

तिरका_उंट:
दोन्ही थोडक्यात.

२...डी६ ला ३.घो-एफ३. काळ्याला घेण्यात राम नाही, कारण ३...डी×ई५? ४.व×डी८+ रा×डी८ ५.घो×ई५ आणि लगेच घो×एफ७+ ची धमकी. काळा प्यादंही मागं आणि किल्लेकोटही गेला. ३...उं-जी४ आलं तर ४.उं-जी५! व-डी७ ५.ई×डी६ उं×डी६ ६.घोबी-डी२. एक प्यादं जास्त, सोंगट्या नीट. यापुढं डोकं लावायचं कारण नाही, सोंगट्या बदलत चला.

२...एफ६ ला ३.ई४!, परत प्यादं मारत बसायचं नाही. ३...एफ×ई५?? ४.व-एच५+ जी६ ५.व×ई५+ व-ई७ ६.व×एच८, हत्ती हातात. ६...व×ई४+ ला ७.उं-ई३, म्हणजे एफ१चा उंट जी२चं प्यादं राखत राहतो. ३...घो-सी६ केलं तर ४.उं-सी४. तो कर्ण काळ्याला लहान बाजूचा किल्लेकोट करू देत नाही.

पण २...घो-सी६ ३.घो-एफ३ एफ६ असा क्रम आला तर व-एच५ ची वाट घोडा एफ३ला आल्यामुळं बंद. तिथं सरळ ४.ई×एफ६ घो×एफ६ ५.उं-जी५. क्रम बघून उत्तर द्या, एफ६ दिसलं की ई४ असं यांत्रिक नको.

पहिली_खेळी:
एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचं? सराव कसा करू ते कोणीतरी सांगा.

प्यादं_ते_वजीर:
मी मुलांकडून असा करून घेते. पट लाकडी किंवा रेक्झिनचा, मोबाइल बाजूला. पहिल्या दिवशी फक्त एकच स्थिती मांडायची, ५...व×बी२ नंतरची. पांढऱ्याकडून ६.उं-सी३ खेळून मात होईपर्यंत जायचं. मग परत मांडून ६.घो-सी३. प्रत्येक वेळी तोंडानं म्हणायचं की ए१ कोण राखतंय. दहा वेळा. डोळ्याला ती मात दिसायला लागली की हात सी३ला उंट ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी ४.घो-सी३ ची वाट, आणि काळ्याच्या बाजूनं मुलानंच खेळायचं. काळ्याच्या खुर्चीत बसलं की पांढऱ्याची कुठली खेळी बोचते ते कळतं.

तिसऱ्या दिवशी जोडीदाराला मुद्दाम काळ्याचं काहीही खेळू द्यायचं, घड्याळ ५ मिनिटांवर. दोन डाव पुरे. इंजिन (डाव तपासणारा संगणक) डाव झाल्यावर लावायचं, आधी नाही.

अडीच_घरं:
वेळेबद्दल एक. काळा पहिल्या आठ खेळ्या पाच-सहा सेकंदांत टाकतो, आणि त्या वेगाचा दाब पांढऱ्यावर येतो. त्याच्या वेगानं खेळायची गरज नाही. १०+५ मध्ये चौथ्या आणि सहाव्या खेळीला मिळून दीड मिनिट दिलं तरी काही बिघडत नाही, प्रत्येक खेळीला पाच सेकंद परत मिळतात. उलट तो नवव्या खेळीनंतर थांबतो, तेव्हा त्याचं पाठांतर संपलेलं असतं. तिथून खरा डाव.

आणि प्यादं मिळालंय म्हणून ते काही झालं तरी राखायचं हा हट्ट सोडा. काळ्याची सगळी आशा त्याच हट्टावर आहे.

पहिली_खेळी:
शेवटचं एक. २...घो-सी६ ३.घो-एफ३ नंतर वजीर न हलवता ३...घोजी-ई७ असंही येतं. घोडा जी६ला जाऊन ई५वर दुसरा मारा. इथं पण घो-सी३ च?

तिरका_उंट:
होय, आणि इथं तर ते जास्त छान बसतं. ४.घो-सी३ घो-जी६ ५.उं-जी५! उं-ई७ ६.उं×ई७ व×ई७ ७.घो-डी५ व-डी८ ८.व-डी२. वाटेल की ई५ सोडलं. काळा बहुतेक घेतोच: ८...घोसी×ई५ ९.घो×ई५ घो×ई५ आणि आता १०.व-सी३!

पहिली_खेळी:
मांडलं. ई५चा घोडा माऱ्यात. १०...डी६ नं राखला तर?

तिरका_उंट:
११.व×सी७. वजिराला वजीर, ११...व×सी७ १२.घो×सी७+ आणि राजासोबत ए८चा हत्ती.

शाहूपुरी_६४:
आणि घोडा मागं घेतला, १०...घो-सी६?

तिरका_उंट:
११.व×जी७. सी३पासून जी७पर्यंतचा कर्ण ई५च्या घोड्यानंच अडवला होता, तो हलला की जी७ गेलं आणि पुढं एच८चा हत्ती. १०...एफ६ नं राखला तरी सी७ राखायला डी८चा एकटा वजीर आणि आपले दोघं: ११.घो×सी७+. पट मोडू नका, १०.व-सी३ नंतरची स्थिती अजून एकदा काळ्याच्या बाजूनं बघा आणि बचाव सापडला तर इथंच लिहा.